खुब्याचं प्लास्टर आणि भाताचं खाचर

माझी मुलगी चालायला लागली तीच डावीकडे झुकत. दर पावलाला अंग एका बाजूला कलायचं आणि ती कशीबशी सावरायची. आम्ही तेव्हा हिंजवडीजवळ माण गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. नवरा हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला, माझं माहेर-सासर दोन्ही लातूरकडे. पोरीच्या चालण्यावर हक्कानं बोलणारं जवळ कुणी नव्हतं. ती उणीव आमच्या घरमालकीणबाईंनी भरून काढली. त्यांना सगळी आळी मावशी म्हणायची, मीही म्हणायचे.

मावशींचं निदान तयारच होतं. "तू लई कडंवर घेतीस तिला. त्यानंच पाय फाकल्यात तिचं." उपायही तयार होता. अंगाला तेल चोळायचं, दोन्ही पाय सरळ ओढून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं एकमेकांना घट्ट बांधायचे आणि पोरीला तशीच झोपवायची. त्यांच्या घरातली सगळी बाळं अशीच वाढलेली. आमच्याकडेही बाळाला आवळून बांधतातच, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोर मात्र रोज पट्टी दिसली की भोकाड पसरायची.

महिनाभरात फरक पडेना, तेव्हा आम्ही तिला पुण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचे गुडघे वर घेतले, पाय बाजूला करून पाहिले आणि एक्स-रे काढायला पाठवलं. फोटोत मलासुद्धा कळलं. डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नव्हताच, बाहेर वर सरकून बसला होता. जन्मापासूनचं असावं, असं ते म्हणाले. ऑपरेशन करून तो वाटीत बसवावा लागेल, नाहीतर लंगडणं आयुष्यभर राहील आणि पुढे दुखणंही मागे लागेल. मग त्यांनी विचारलं, पाय बांधता का? मी हो म्हटलं. "आजपासून बंद. कडेवर घ्या हवं तेवढं. पाय फाकलेले असतात तेव्हाच गोळा वाटीच्या तोंडाशी राहतो."

माझं डोकं फिरलं. घरी पोचेपर्यंत मी धुमसत होते आणि अंगणात पाय ठेवताक्षणी मावशींना सगळं ऐकवलं.

"व्हय गं, म्याच मोडला तुज्या पोरीचा पाय!" मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आमची समदी पोरं बांधूनच वाढली. येक तरी लंगडतंय का? दाव की, कुटं लंगडतंय!"

त्यांची पोरं खरंच लंगडत नव्हती आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्या दिवसापासून आमचा अबोला. पण तो फक्त माझ्याशी हं. पोरीला सकाळी दूधभाकरी कुस्करून भरवणं चालूच होतं, माझ्या दारात, माझ्याकडे पाठ करून.

ऑपरेशन नीट झालं. ती बाहेर आली तेव्हा छातीपासून दोन्ही घोट्यांपर्यंत प्लास्टर, पाय फाकवलेले, मध्ये शी-शूपुरती जागा ठेवलेली. एवढंसं तोंड आणि खाली हे पांढरं ओझं. मला तिच्याकडे बघवेना. जीपच्या दारातून तिला तिरकी करून आत घालावी लागली. माणला उतरलो तर आमच्या खोलीचं दार अरुंद, एक पाय आत गेला की दुसरा चौकटीला अडायचा. मी तिला घेऊन अंगणातच रडायला लागले. नवरा म्हणत होता, दाराची चौकट काढू का.

मावशी बाहेर आल्या. "आण हिकडं," म्हणाल्या आणि पोरीला उचलून सरळ कडेवर बसवलं. एक पाय पोटावर, एक पाठीवर. प्लास्टर त्यांच्या कमरेला जसंच्या तसं बसलं.

"बसली की गं! डाक्टरनी माजीच कंबर मापून केलंय जनू," असं म्हणत त्या सरळ दारातून आत शिरल्या. मला रडता रडता हसू फुटलं आणि अबोला तिथेच संपला. पाटा-वरवंटा कडेवर घ्यावा तसलं ते वजन, पण मावशी तिला रोज सगळ्या आळीतून फिरवून आणायच्या. बांधायच्या पट्टीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही.

उन्हाळा सरता सरता प्लास्टर निघालं. पाय काटकुळे, कातडीचे पापुद्रे निघत होते. फोटोत गोळा मात्र वाटीत. डॉक्टर खूश होते. काही दिवस चाल वाकडी राहील, मग सुधारेल, म्हणाले. ती तिची उभी राहील, ओढून उभी करू नका.

पण ती उभीच राहीना. तळवा फरशीला लागला की किंचाळून पाय वर. खेळणी झाली, बिस्किटं झाली, तिच्याहून लहान पोरं तिच्यासमोर दुडुदुडु धावून दाखवून गेली. ती बुडावर बसून सरकायची, आणि तेही मजेत. फोटो चांगला आहे, असं नवरा मला पुन्हा पुन्हा सांगायचा. त्या फोटोचं काय लोणचं घालू, असं मी त्याला विचारायचे. मला भीती वाटत होती. एवढं सगळं तिला सोसायला लावलं आणि ती चाललीच नाही तर?

भाताची लावणी सुरू झाली. मावशींची बरीच जमीन कंपन्यांकडे गेली होती, घरामागे एक खाचर तेवढं उरलं होतं आणि त्याच्या पलीकडे कंपनीची इमारत चढत होती. एका सकाळी त्या पोरीला उचलून तिकडे निघाल्या. मी टाक्यांच्या जखमेचा विषय काढला. "ती कवाच भरली. आंगूळ घालतीस ती काय गंगाजळानं घालतीस व्हय?"

खाचराच्या कडेला, जिथे चिखल घोट्याएवढाच होता, तिथे त्यांनी तिला बसवलं आणि स्वतः रोपं लावायला वाकल्या. पोर आधी हातानं चिखल थापटत राहिली. मग मागे कलंडली. लागलं नाही. पुन्हा मुद्दाम कलंडली आणि खिदळली. थोड्या वेळानं तिनं मावशींचं लुगडं मुठीत धरलं आणि उठली. दोन्ही तळवे चिखलात, तोंडातून आवाज नाही. मावशी वाकलेल्याच राहिल्या, हलल्या नाहीत.

मी बांधावरून धावले ती चपलांसकट. दुसऱ्याच पावलाला पाय सटकला आणि मी चिखलात फतकल मारून बसले. लावणीच्या बाया हसल्या, त्यांचं बघून पोर हसली. आणि लुगडं सोडून माझ्याकडे आली. डुलत, झुकत, चिखलातून पाय उपटत आली आणि माझ्या अंगावर पडली. मी तिला घट्ट धरलं आणि ढसाढसा रडले.

"मावशी, लंगडत होती का हो?" मी विचारलं. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते मी बघितलंच नव्हतं. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं.

"चिखलात समदीच लंगडत्यात," मावशी म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "ऊठ आता. रोपं मोडाय लागलीस माजी."

मी उठले, तिचा हात धरून तिला बांधावर घेतलं. तिनं माझ्याकडे वर पाहिलं आणि हात सोडवून घेतला.