चाकणच्या एसटीतलं बोलणं

पोत्यातल्या कांद्यांचा उग्र वास आला की मला चाकणची जुनी एसटी आठवते. एकोणीसशे पन्नासचं दशक होतं आणि मी गावच्या शाळेत नवी मास्तरीण होते. एकदा त्या एसटीत माझ्या मागच्या बाकावर माझी शेजारीण पारूबाई तिच्या जावेशी बोलत होती.

"नवऱ्यानं टाकलीया मास्तरणीला. पोरी न्हाई धाडायच्या तिच्याकडं."

मी वळून म्हणाले, "टाकली नाही. तो मारायचा, म्हणून मीच निघून आले."

"समद्यांचेच मारत्यात," पारूबाई थंडपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुली शाळेत आल्या नाहीत. संतापून मी ते बोलणं शब्द न् शब्द उतरवलं. तीच माझी पहिली गोष्ट.

पारूबाईही मार खात असणार, हे आज कळतं. तरी राग गेलेला नाही. गोष्ट छापताना मी तिचं नाव बदललं नव्हतं. आजही बदलणार नाही.