खोक्यातून थेट मैदानावर

मैदानावर सगळे त्याला चिकट्या म्हणत. बोटांच्या टोकांवर वाळलेल्या गोंदाचा पापुद्रा कायमचा. आज सोलला तरी उद्या हजर. थोरल्या भावाचं रिमोटवर उडणाऱ्या रेसिंग विमानांचं दुकान होतं. विमानं खोक्यातून जवळजवळ तयारच यायची: पंख जोडा, इंजिन बसवा, उडवा. वरून नटूनथटून, आतून मात्र सगळी बोंब. इंजिन ज्यावर बसतं ती प्लायची पाटी गोंदाच्या चार थेंबांवर तगलेली. दोन पंखांना सांधणारी पट्टी खाचेत खुळखुळणारी.

मागच्या खोलीत चिकट्या पंखावरची चकचकीत प्लास्टिकची फिल्म अलगद सोडवायचा, सांध्यात गोंद भरायचा, वर मजबुतीसाठी काचेच्या धाग्यांच्या कापडाची पट्टी चढवायचा आणि फिल्म पुन्हा इस्त्रीने अशी बसवायचा की कुणाला पत्ता लागू नये. दादाची ताकीदच होती तशी. “नव्या मालाला दुरुस्ती कशाला, असं गिऱ्हाईक विचारेल.” बाहेर दादा छाती फुगवून सांगायचा, “खोक्यातून थेट मैदानावर! धाकटा नुसते स्क्रू पिळतो.” विमानं शर्यती जिंकायची आणि लोकांचा विश्वास बसत जायचा. कंपनीवर.

नवा माल आला तो आणखीच पोकळ.

“दादा, हा परत पाठव. नाहीतर लोकांना खरं सांग. मी आता लपवाछपवी करणार नाही.”

“खरं सांगून दुकानाला टाळं लावू? बरं, नको लावूस गोंद. माझंच विमान तसंच जोड. रविवारी उडवून दाखवतो.”

“पंख मिटतील, दादा.”

“तुझ्या गोंदावाचून जगाचं अडत नाही, चिकट्या.”

रोज एकच थाप मारली की मारणाऱ्यालाही ती पटते. दादाला पटली होती.

रविवारी शर्यतीच्या पहिल्याच खांबाला वळसा घालताना, पूर्ण वेगात, दोन्ही पंख नमस्कार केल्यासारखे वर मिटले. धड सुसाट जाऊन कुंपणापलीकडच्या एका गाडीच्या काचेत घुसलं. गाडीत कुणी नव्हतं, हे नशीब. सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. आता तरी हा बोलेल, असं चिकट्याला वाटलं.

“जोडणी याची,” दादा म्हणाला. “विचारा त्याला.”

चिकट्या धावत जाऊन मोडका सांधा घेऊन आला. “हे बघा, लाकूड कोरडं ठणठणीत! कंपनी आत गोंदच लावत नाही.”

दातांचे डॉक्टर, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, पुढे झाले. “काहीतरीच काय! मागे माझं विमान आपटलं तेव्हा मी स्वतः पाहिलंय. आत गोंद होता, काचेचं कापडसुद्धा. कंपनी चोख काम करते. यातलं कुठे गेलं?”

“ते मी लावलं होतं, डॉक्टर!”

“तू? तू तर नुसते स्क्रू पिळतोस ना?”

कुणीतरी फिसकन हसलं. चिकट्याने दादाकडे पाहिलं. दादा रिमोट पेटीत ठेवत होता. एवढी काळजी त्याने कधी घेतली नव्हती.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. “भाऊजी, यांची माफी मागून टाका. मग उद्यापासून पुन्हा दुकानात या म्हणतायत.”

“कशाची माफी, वहिनी?”

“ते काही सांगितलं नाही यांनी.”