अढळ पार्श्वभूमी आम्हाला अमान्य

आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांत सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास कायमचा असे. आईबाबा चळवळीची पत्रकं लिहीत, आणि मी लिहायला शिकले तीच ‘आमच्या मागण्या’ या मथळ्याखाली. नव्वदच्या दशकात पीएचडीला सिडनीत आले, तेव्हा संशोधनाचा प्रस्तावही तसाच लिहिला.

जुन्या भौतिकशास्त्रात अवकाश आणि काळ पार्श्वभूमीसारखे आधीच अंथरून ठेवलेले असतात. वस्तूंनी कसं चालायचं हे ते ठरवतात, पण वस्तूंचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नाही. मला हा उघड अन्याय वाटे. सापेक्षता सिद्धांताने तो मोडला. वस्तुमान अवकाशकाळाला वाकवू लागलं. मग गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम सिद्धांत शोधताना बरेच जण तीच सपाट, अढळ पार्श्वभूमी मागच्या दाराने परत का आणत होते? मी पहिल्याच ओळीत लिहिलं, ही पार्श्वभूमी आम्हाला अमान्य आहे.

माझ्या ऑस्ट्रेलियन गाइडने कागद खाली ठेवले. “हा प्रस्ताव आहे की संपाची नोटीस?”

“दोन्ही.”

“बघ मेट, सपाट पार्श्वभूमी घे, तिच्यावरच्या बारीक लहरींची गणितं कर. वेळेत सुटशील, नोकरीही लागेल. हा विषय विद्यापीठाची समिती शुक्रवारी नाकारेल.”

“नाकारू देत. माझ्या तोंडावर नाकारू देत.”

“नो वरीज. पण निदान ते ‘आम्ही’ काढ. तू एकटीच आहेस.”

घरची पद्धत अशी, की पत्रक छापण्याआधी चळवळीबाहेरच्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि तो अडवेल तिथे वाक्य बदलायचं. सिडनीच्या हॅरिस पार्क भागातल्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत वसईची एक सिव्हिल इंजिनिअर राहायची. गुरुवारी ती कुकर लावत होती आणि मी वाचत होते.

“थांब गं. अवकाशाचा प्रत्येक कण आपापल्या ठिकाणी असतो म्हणालीस. कुठल्या ठिकाणी?”

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

“म्हणजे ठिकाण आधीपासून होतंच की. मग भांडतेस कोणाशी?”

ज्याच्याविरुद्ध पत्रक काढलं, तेच माझ्या वाक्यात आरामात बसलं होतं. मी ते खोडलं. कण कुठे आहेत हा प्रश्नच नाही. कोण कोणाला लागून आहे एवढंच खरं, आणि त्या नात्यांच्या जाळ्यालाच आपण जागा म्हणतो.

“आता?”

“आता डोकं दुखतंय. पण अडवायला काही सापडत नाही.”

शुक्रवारी समितीतल्या ज्येष्ठ प्राध्यापिकेने विचारलं, “हे जाळं ठेवलंय कशात?”

“कशातच नाही. जागा हवी असेल तर ती या जाळ्याकडेच मागावी लागेल.”

तिने चष्मा काढून पुसला. “मग या जाळ्यातून आपल्या ओळखीचा सपाट अवकाश परत मिळतो, हे वर्षभरात दाखव. नाहीतर विषय बदल.”

वर्षभरात मला ते जमलं नाही. पूर्णपणे अजून कोणालाच जमलेलं नाही. कुठवर पोहोचले आणि नेमकी कुठे अडले, हे मी काहीही न झाकता समितीसमोर फळ्यावर मांडलं. त्यांनी दोन तास वाद घातला आणि विषय माझ्याकडेच ठेवला. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाचं नाव आहे ‘जे सिद्ध झालेलं नाही’. मला सर्वांत जास्त अभिमान त्याच प्रकरणाचा आहे.