जिंकलं कोण, ते बघायला हवं

माझ्या भाचेसुनेला मिटलेलं भांडण पुन्हा उकरलेलं खपत नाही. लग्न झालं भर उन्हाळ्यात. पंख्यावरून नवऱ्याशी वाजलं आणि दोनवर तह झाला. तेव्हापासून उकाडा असो की थंडी, पंखा दोनवर. भाचा पांघरुणात कुडकुडतो, पण तह मोडत नाही. घाबरट आहे, माझ्या बहिणीवर गेलाय.

ही घरी बसून नाट्यगृहाच्या तिकिटांचा प्रोग्राम लिहिते. सहकाऱ्यांच्या ताज्या कामावर आपले बदल एकेक करून पुन्हा चढवायचे, याला ती रीबेस म्हणते. एकाच ओळीला दोघांनी हात लावला असला की गिट, म्हणजे तिचा संगणकातला कारकून, थांबून विचारतो, कोणाची ठेवू? हिने त्याला सांगून ठेवलेलं: दिलेला निकाल लक्षात ठेव, आणि तोच तंटा परत आला तर तोच निकाल लावून परस्पर मंजुरीच्या टोपलीत टाक.

परवा संध्याकाळी तिकीटविक्री सुरू व्हायची होती, आणि पहिल्यांदाच सगळा भार हिच्यावर. दुपारी दिसलं की मागच्या रांगेतली एक खुर्ची काढून तिथे आवाजाचं यंत्र बसवलंय, तरी प्रोग्राम ती खुर्ची विकतोय. म्हणजे तिकीट काढणारा थेट आवाजवाल्याच्या मांडीवर. हे तर मी कधीच दुरुस्त केलंय, असं पुटपुटत तिने रीबेस मोडून पुन्हा केलं. खुर्ची जागच्या जागी. आणखी एकदा केलं. तीच खुर्ची. शेवटी विक्री पुढे ढकला म्हणून सांगायला तिने साहेबांचा नंबर काढला.

मी शेजारी चहा ढोसत होतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण भांडण म्हटलं की कान टवकारतात. "मघाशी कारकून थांबला होता ना? कोण जिंकलं?"

"जुनाच तंटा असेल, मामा. त्याने मिटवला, मी नुसतं 'पुढे' म्हटलं."

"अगं, पण जिंकलं कोण?"

माझी भूक भागवायला तिने उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मागे कधीतरी घाईत तिने आपली दुरुस्ती हरवून सहकाऱ्याची जुनी ओळ जिंकवली होती, आणि कारकून बिचारा इमानाने तेच करत होता. तिने त्याला तो निकाल विसरायला लावला, तंटा स्वतः वाचला, आपली ओळ ठेवली. विक्री वेळेवर सुरू झाली. लक्षात ठेवायची मुभा कारकुनाला अजून आहे. परस्पर मंजुरीची मात्र गेली.

भाचा घरी आला तेव्हा तिचा हात पंख्याच्या बटणावर होता. "तुला खरंच दोनवर हवाय का रे?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. "बंद कर. कधीपासून म्हणणार होतो."

मी बहिणीला फोन लावायला बाहेर पडलो. अशी बातमी शिळी होऊ देत नाहीत.