दोन कॅमेरे आणि मेस्त्रींचा लेथ

नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं मी बेंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या एका पंपांच्या कारखान्यात होते, तपासणी खात्यात. ओतकामात भोक निघालं, कडेला चीर गेली, की त्याचा फोटो काढून परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायचा, हे माझं काम. रोलचा कॅमेरा होता तेव्हा छत्तीस फोटो संपेपर्यंत थांबा, रोल शहरात धुवायला द्या, आणि दोन दिवसांनी कळायचं की अर्धे हललेत. तोवर गिऱ्हाईक तिकडे बोंबलत बसलेलं.

मग आमच्या साहेबांनी बाहेरून दोन डिजिटल कॅमेरे मागवले. साहेब पुण्याहून नुकतेच आलेले. मराठी बोलणारी मीच एक सापडले, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. "महिनाभर दोन्ही वापरा, प्रॉपर कम्पेअर करा आणि एका पानात लिहून द्या," ते म्हणाले. "जो बरा ठरेल त्याचे आणखी चार ऑर्डर करू. आणि हो, दोघांना सेम ट्रीटमेंट. जे एकाला ते दुसऱ्याला."

"सरी," म्हणजे बरं, म्हटलं मी. साहेबांना माझी मराठी ऐकून हसू यायचं. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं, आमच्या बोलण्यात अर्धी कन्नड. मला त्यांची इंग्रजीत बुडालेली मराठी ऐकून हसू यायचं. फिट्टंफाट.

एक कॅमेरा छोटा, चंदेरी, एप्रनच्या खिशात मावणारा. दुसरा जाडजूड, काळ्या-पिवळ्या रबराने मढवलेला, बांधकामावर वापरण्यासाठी बनवलेला. छोट्याचे फोटो सुरेख यायचे. चीर केसाएवढी असली तरी दिसायची, माणसाचे रंगही खरे. दांडग्याचे फोटो शेडमधल्या उजेडात जरा काळवंडलेले. पण त्याची बटणं मोठी, हातमोजा घालूनही दाबता येणारी. तेलकट हाताने धरा, फडक्याने पुसा, झालं. एकदा तो माझ्याच कोपराने टेबलावरून पडला, आणि उचलून बघते तर काही झालेलं नाही. छोट्याला मात्र मी कुणाला हात लावू द्यायची नाही. त्याच्या खोडी मी पोटात घालायची. वीस फोटोंत चार पेन्सिल सेल खायचा. दांडग्याचे फोटो एका काढता येणाऱ्या चकतीवर राहायचे, छोट्याचे सगळे त्याच्या पोटातच. वायर लावून कॉम्प्युटरवर उतरवायचे, तर एकेका फोटोला दोन-दोन मिनिटं. तरी खरं सांगते, माझा जीव छोट्यावर जडला होता. पंधराव्या दिवशीच मी मनात अहवाल लिहून टाकला होता, उगाच महिना काढायचा म्हणून काढत होते.

छोट्याला उघड विरोध एकाच माणसाचा. लेथवरचे मेस्त्री. आनेकलचे, कारखाना उघडला तेव्हापासूनचे. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मला अक्का म्हणायचे.

"अक्का, हा रबरवालाच घ्या," ते म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय हो कॅमेऱ्यातलं?"

"कॅमेऱ्यातलं नाही कळत. इथल्या हातांचं कळतं."

मी उडवून लावलं. माझी तेव्हाची सवयच तशी. समोरचा बरोबर बोलला की मला आधी राग यायचा, पटायचं मागाहून.

आयुधपूजेच्या आठवडाभर आधी मेस्त्री माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. एरवी स्क्रूसुद्धा मागून घेणारा माणूस नव्हे, त्यामुळे मी हातातलं काम ठेवलं. पूजेचा दिवस हाच त्यांचा कामाचा शेवटचा दिवस होता. आणि तो जुना लेथही जायचा होता. त्याच्या जागी नवीन यंत्र येणार, दसऱ्यानंतर भंगारवाला ट्रक घेऊन येणार, असं ठरलं होतं. आमच्या कारखान्यात गेटवर कॅमेरा अडवायचे, गिऱ्हाइकांच्या नकाशांमुळे. बाकी कारखान्यांत पूजेला घरची माणसं येतात, आमच्याकडे त्यांनाही मनाई.

"तीस वर्षांत बायकोने माझी जागा बघितली नाही," ते म्हणाले. "मी आणि माझं मशीन, एक फोटो पाहिजे होता. ऑफिसचा कॅमेरा आत चालतो ना?"

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "अरे शुअर, काढा की. मशीन जातंयच, आता कसली सीक्रसी?"

आता इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आम्ही तिला खंडेनवमी म्हणतो, आणि आमच्या घरी त्या दिवशी काय काय पुजतात ते बाहेरच्याला सांगायची सोय नाही. स्कूटर, शिवणयंत्र, विळी, अडकित्ता, वडिलांचा टायपरायटर, एका वर्षी तर त्यांच्या दाढीचं यंत्रसुद्धा. हळद, ओलं कुंकू, आणि वर फुलाने शिंपडलेलं पाणी. पाणी पडल्याशिवाय पूजा लागू होत नाही, असं आईचं म्हणणं. पुजलेल्या वस्तूला मग दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही.

त्या दिवशी मेस्त्री नवा पांढरा शर्ट घालून आले. लेथला त्यांनी स्वतः पुसून चकचकीत केलं होतं, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, वर झेंडूची माळ. मी छोट्या कॅमेऱ्याने तीन फोटो काढले. मागच्या चिमुकल्या पडद्यावर दाखवले, तर मेस्त्रींनी चष्मा वर करून कितीतरी वेळ पाहिलं. चेहरा असा खुलला होता की मलाच भरून आलं. "रबरवाल्यानेही काढा ना," ते म्हणाले. मी म्हटलं, "कशाला? त्यात माणूस काळा येतो."

फोटो तिथल्या तिथे उतरवून घ्यायला हवे होते. पण कॉम्प्युटरलाही हार घालून झाला होता, आता तो दसऱ्यानंतरच सुरू व्हायचा. मी माझी मापाची हत्यारं टेबलावर मांडली, शेजारी दोन्ही कॅमेरे ठेवले. कुंकू लावलं. मग फूल पाण्यात बुडवून शिंपडायला लागले, तर मागून मेस्त्री म्हणाले, "अक्का, लहानग्याला पाणी नको. त्याला सुकंच कुंकू लावा."

"असं कसं?" मी म्हटलं. "देवाच्या दारी दुजाभाव नाही. साहेबांनीही सांगितलंय, दोघांना सारखं." आणि दोघांवर सारखं, चांगलं सढळ हाताने पाणी घातलं. वर दोघांच्या डोक्यावर एकेक ओलं फूल ठेवलं. मेस्त्री आपल्या लेथकडे वळले. माझ्या टेबलाच्या पूजेचा मान माझा, त्यात ते कसे बोलणार?

दसऱ्यानंतर कामावर गेले, तर लेथच्या जागी जमिनीवर नुसता तेलाचा चौकोन उरला होता. ट्रक सकाळीच येऊन गेला होता. टेबलावर फुलं सुकलेली. दांडगा पुसला, बटण दाबलं, सुरू. छोटा पुसला, बटण दाबलं, काही नाही. सेल बदलले. टेबलावरच्या दिव्याखाली तासभर ऊब दिली. मग पाठवला दुरुस्तीला. तिथून निरोप आला की आत पाणी जाऊन गंज चढलाय, त्याच्या पोटातलं काही हाती लागणार नाही.

साहेबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पण त्यावर पाणी का घातलंत?"

"पूजेला."

"आमच्याकडे सुकं कुंकू लावतात हो," ते हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. अहवालाचं काम मात्र सोपं झालं. दांडगा घ्यावा, असं मी अर्ध्या पानात लिहिलं, आणि कारणासाठी माझंच उदाहरण दिलं. साहेबांनी चार दांडगे मागवले. कॅमेऱ्यांचा निकाल लागला. पण मेस्त्री घरी फोटोची वाट बघत होते, आणि मला रात्री झोप नव्हती.

रविवारी दांडगा कॅमेरा साहेबांकडून मागून घेतला आणि आनेकलची बस धरली. काय करणार होते, मलाच माहीत नव्हतं. मोकळ्या हाताने जायला लाज वाटली, एवढंच.

मेस्त्री अंगणात होते. मला बघून बायकोला हाक मारली, "फोटोवाल्या अक्का आल्या गं." ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि सरळ माझ्या पिशवीकडे बघायला लागली. पाणीसुद्धा न घेता मी सांगून टाकलं. "मेस्त्री, तुमचा फोटो गेला. माझ्याच हातून गेला. तुम्ही सांगत होतात पाणी नको, मी ऐकलं नाही."

त्यांनी विचारलं, "रबरवाल्यात पण नाही?"

"त्याने काढलाच नव्हता. तुम्ही काळे याल म्हणून."

"मी काळाच आहे की, अक्का."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. माझे डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत. मेस्त्रींच्या बाई पुढे आल्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "मशीन म्हणजे कसं असतं, हे तोंडी सांगावं की यांनी. मी बघितल्यासारखंच मानीन."

मेस्त्री उठले. अंगणाच्या मधोमध गेले, चपला काढल्या, पाय जरा फाकवून उभे राहिले. "हे इथे मशीन," ते म्हणाले. "माझ्या छातीपर्यंत." डावा हात वर धरला, लोखंडाचा गोळा पकडल्यासारखा. उजव्या हाताने नसलेलं चाक हळूहळू फिरवायला लागले, अर्धा फेरा पुढे, स्वल्प मागे, पुन्हा पुढे. मान खाली, डोळे हत्याराच्या धारेवर. तीस वर्षांत अंगात मुरलेलं होतं सगळं. मध्येच वाकून कीस बाजूला सारला, पुन्हा तसेच उभे. आम्ही दोघी बघत होतो. त्यांना आमचं भानच राहिलं नव्हतं.

बाईंनी बऱ्याच वेळाने विचारलं, "आणि बसायचं कधी?"

"बसायचं नसतं," चाक न थांबवता ते म्हणाले. "बसलं तर धार दिसत नाही."

"आठ तास?"

"कधी बारा."

बाई माझ्याकडे वळल्या. "मला वाटायचं, बसून काम आहे," त्या म्हणाल्या. "घरी आले की मी यांना पाण्याला पाठवायची, दळणाला पाठवायची. म्हणायची, दिवसभर बसून आलात, जरा पाय मोकळे होतील. तीस वर्षं म्हणत आलेय. एकदाही बोलले नाहीत."

त्या आत गेल्या. लोखंडी खुर्ची उचलून आणली, अंगणात मेस्त्रींच्या मागे नेऊन ठेवली, आणि त्यांच्या खांद्यावर हात दाबून म्हणाल्या, "बसा."

मेस्त्री हात तसेच हवेत धरून मागे बघायला लागले. मी तेवढ्यात फोटो काढला.