पडद्यापलीकडचे आबा

मैत्रिणी जमल्या की म्हणतात, तुझ्या दवाखान्यातले किस्से सांग. किस्से साठत जातात, आठवड्याला नवा. फक्त हल्ली सांगताना मला हसू येत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. आज एकट्या रेखाचेच सांगते. तुळजापूरहून परतताना जळकोटजवळ जीप उलटली आणि तिचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून ती झोपत नाही, बोलत नाही, लहान लेकीलाही जवळ घेत नाही.

*

पहिल्या दिवशी सोबत सासरे आले. आबा. मी रेखाला विचारलं, झोप येते का?

"येती की," आबा म्हणाले.

जेवतेस का? "जेवती की." अपघात कसा झाला? "देवीची मर्जी."

रेखा पदर सावरून फरशीकडं बघत होती. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. मग उपचार कुणावर करायचे, आबांवर?

*

आबांना बाहेर बसवलं. पण आमच्या खोलीला दार नाही, नुसता पडदा. मी रेखाला विचारायची आणि उत्तर पडद्यापलीकडून यायचं! मोठ्या डॉक्टरांकडं दार मागितलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्याला दुखवू नकोस बाई. पुढच्या वेळी तिला आणायचेच नाहीत."

दार अजून आलेलं नाही.

*

तिच्या गावाहून येणारी एसटी जीप उलटली त्याच वळणावरून येते. रेखा माझ्यापर्यंत पोचायची ती ओकाऱ्या काढून, हातपाय गार पडलेली. मी तिला जरा शांत करेपर्यंत परतीच्या गाडीची वेळ व्हायची. जाताना पुन्हा तेच वळण. याला आम्ही उपचार म्हणतो.

*

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, तर त्या सासूच घ्यायला लागली. मी आबांवर चिडले.

"तिचा ल्योक गेलाय, ताई," ते म्हणाले.



*

शेवटी मी युक्ती केली. नर्सला सांगून आबांना बीपी तपासायला पाठवलं. रेखानं आधी पडद्याकडं बघितलं. मग पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकला.

"मला काय इचारता, मॅडम? आबास्नी इचारा, झोप येती का म्हणून. जीप तेच चालवत व्हते."

मी काही बोलणार, तेवढ्यात पडद्यापलीकडून परतलेल्या आबांचा आवाज आला.

"येती की."