व्हर्जिल मला पंपावर विसरला, ती गोष्ट

माझा नवरा व्हर्जिल म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, असा माणूस. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर लोकांच्या बोअर मारल्या, मग घर विकून हे चाकांवरचं घर घेतलं. गेले अकरा हिवाळे नेवाडाच्या वाळवंटात आम्ही यातच काढतोय. मी बावीस वर्षं शाळेची बस चालवलीय, पण या मोटारहोमच्या स्टिअरिंगला हात लावायची मला बंदी! "बस वेगळी, हे वेगळं," म्हणे.

यंदा मार्चमध्ये गाडी सारखी पांढऱ्या रेषेबाहेर जायला लागली. विचारलं की म्हणायचा, "वारा आहे." वारा नसला की, "रस्ताच वाकडा आहे."

त्या दिवशी सकाळी पाइपातलं पाणी गोठलेलं, नऊला चटके देणारं ऊन, अकराला गारा. गारा थांबल्या तर दोन्ही बाजूंना पिवळी फुलंच फुलं. मी ती बघतेय, तोच आमची गाडी समोरच्या ट्रकच्या अंगावर निघाली. त्याने भोंगा मारला म्हणून वाचलो.

"डॉक्टरला डोळे दाखव!" मी ओरडले.

"मला सगळं दिसतं."

"मग ट्रकला मिठी मारायला निघाला होतास का?"

मी तणतणत मागे गेले, पलंगावर पडले आणि पडदा ओढला.

पुढे एका पंपावर तो तेल भरायला थांबला. रागाच्या भरात त्याला न सांगताच मी बाजूच्या दाराने उतरले आणि दुकानात गेले. बाहेर येऊन बघते, तर गाडी नाही! आणि फोन पलंगावर.

"येईल गं," दुकानवाली ओपल म्हणाली. "दरवर्षी दोन-तीन बायका अशा इथे मागे राहतात. आजवर एकीचाच नवरा परत आला नाही."

मला कसलं हसू येतंय! पश्चिमेकडून धुळीचा लोट येत होता आणि त्यात माझा म्हातारा एकटा. देवा, म्हटलं, हवं तेवढं भांडेन मी त्याच्याशी, पण त्याला धड आण.

दोन तासांनी आला. उतरला तो पांढराफटक पडलेला.

"मला वाटलं, तू मागेच आहेस. चाळीस मैल तुझ्याशी बोलत होतो," तो म्हणाला. "धुळीत थांबलो, तुला कॉफी द्यायला गेलो, तर पलंग रिकामा."

"काय बोलत होतास?"

"सांगितलं की सगळं."

"मी होते का तिथे? परत सांग."

"डाव्या डोळ्याने जानेवारीपासून दिसत नाही, नॅडीन. पुढच्या गाडीच्या मागे मागे चालवतो. पुढे कुणी नसलं की भीती वाटते. तुला दोनदा विचारलं, यापुढे तू चालवशील का? तू काहीच बोलली नाहीस. वाटलं, रडत असशील, म्हणून परत विचारलं नाही."

मला रडू तेव्हा आलं, तिथे पंपावर, त्याचा शर्ट मुठीत धरून. ओपल दारातून बघत होती, बघू दे.

"चालवते," म्हटलं. "आण चावी."